शब्दचर्चा : क्विरासला चिलखत म्हणावं का? (१९व्या शतकातल्या युद्धचित्रांमधले गणवेश)

प्रश्न : फ्रेंच युद्धचित्रांवरच्या मराठी मजकुरात घोडेस्वाराच्या छातीवरच्या चकचकीत पत्र्याला सर्रास ‘चिलखत’ म्हटलेलं दिसतं. फ्रेंच चित्रकार मेसोनिएच्या ‘१८०७, फ्रीडलांड’ या नेपोलियनच्या लढाईच्या चित्रामध्ये तलवारी उंचावून दौडणाऱ्या स्वारांच्या अंगावर आहे तो. याला नेमका शब्द कोणता? आणि हुसार (हलके घोडदळ) स्वारांच्या खांद्यावर जो जादा कोट नुसता लोंबत असतो, त्याला काय म्हणायचं?

उत्तर : चिलखत नको. त्या शब्दाने अंगभर कड्यांचा नाहीतर पत्र्यांचा जामा डोळ्यांपुढे येतो. या पत्र्यांना फ्रेंचमध्ये क्विरास म्हणतात आणि ते धडापुरतं असतं : पुढे एक पत्रा, मागे एक, खांद्यांवरून धातूच्या खवल्यांचे पट्टे, कमरेला चामडी पट्टा आणि बक्कल. वजन साधारण ७-८ किलो. पत्र्याच्या कडेने आतल्या अस्तराची लाल कापडी किनार बाहेर डोकावते. चांगल्या चित्रात ती काखेपाशी आणि गळ्यापाशी स्पष्ट दिसते. फ्रेंच चित्रात पोलादी पत्रा असेल तर स्वार क्विरासिए, म्हणजे क्विरास घालणारा जड घोडेस्वार. पत्रा पितळी रंगाचा आणि कोट पांढरा असेल तर तो काराबिनिए (जड घोडदळाचाच दुसरा प्रकार), पण हा वेश १८०९ नंतरचाच. म्हणून पत्र्याचा रंग मजकुरात आलाच पाहिजे.

भर : ‘उरस्त्राण’ (छातीचं कवच) चांगला शब्द आहे, फक्त जागा बघून वापरा. ऑस्ट्रियाचे क्विरासिए नेपोलियनच्या काळात पुढचाच पत्रा घालत, तिथे तो चपखल बसतो. फ्रेंचांच्या पाठीलाही पत्रा आहे, तिथे अपुरा पडतो. ‘चारआईना’ हे जुन्या धाटणीच्या कवचाचं नावही सुचवलं जातं, पण त्यात पत्रे चार. माझं मत : पहिल्यांदा ‘क्विरास, म्हणजे छातीपाठीचे पत्रे’ असं लिहावं आणि पुढे नुसतं क्विरास.

उत्तर (हुसारांबद्दल) : आतला घट्ट आखूड कोट तो डोलमन. वरचा, फरची किनार असलेला, डाव्या खांद्यावर टाकलेला तो पेलीस. थंडीत तो बाह्या घालून अंगातही चढवत, म्हणून त्याला ‘शेला’ किंवा ‘झूल’ म्हणू नये. झूल शब्द घोड्यासाठी राखून ठेवा. फ्रेंच चित्रकार जेरिकोच्या १८१२च्या चित्रात (लूव्र संग्रहालय) शाही गारदेचा (नेपोलियनच्या इम्पीरियल गार्डचा) शासर, म्हणजे हलक्या घोडदळाचा, अधिकारी उधळलेल्या घोड्यावर मागे वळला आहे. त्याच्या खोगिरावर बिबळ्याच्या कातड्याची झूल आहे. हा शासर, हुसार नव्हे. वेश हुसारी धाटणीचा असल्यामुळे हमखास गल्लत होते.

छातीवरच्या आडव्या वेणीदार दोऱ्यांना आपला ‘गोफ’ शब्द अगदी नेमका आहे. ‘नक्षी’ लिहिलं की भरतकाम वाटतं. इथे गोफ बटणांना अडकतो. अधिकाऱ्याचा गोफ कलाबतूचा, साध्या स्वाराचा लोकरी. तलवारीच्या पट्ट्याला डाव्या बाजूला लोंबणारी चपटी चामडी पिशवी म्हणजे साब्रताश. तिला ‘बटवा’ म्हटलं की आकारच चुकतो.

शंका : ‘इम्पीरियल गार्ड’साठी ‘शाही गारद’ चालेल. मग त्यातले शिपाई ‘गारदी’ का नाहीत?

उत्तर : कारण मराठीत गारदी म्हटलं की १७७३चा शनिवारवाडा आणि नारायणरावाचा खून आठवतो. तो अर्थ पुसता येत नाही. ‘गारदेचे शिपाई’ लिहा.

भर (टोप्यांबद्दल) : सगळ्या उंच टोप्यांना ‘फरटोपी’ म्हणणं ही सर्वांत महागात पडणारी चूक. शाको म्हणजे चामडं आणि फेल्टची नळकांडी टोपी, पुढे झाप, वर गोंडा किंवा तुरा. अस्वली टोपी उंच, केसाळ. बझ्बी तिच्याहून ठेंगणी, सपाट माथ्याची, आणि तिच्या बाजूला रंगीत कापडी पिशवी लोंबते. हे भेद कळले की तारखाही तपासता येतात. वॉटर्लूला ब्रिटिश पायदळ गारदेच्या पहिल्या रेजिमेंटमध्ये अस्वली टोपी सरसकट नव्हती. ती सर्वांना मिळाली त्या लढाईनंतर. त्यामुळे १८१५च्या प्रसंगात ती पलटणच्या पलटण अस्वली टोप्यांत दिसली तर चित्रकाराने पुढच्या काळाचा वेश चढवला आहे.

तसंच लाल विजारींचं. फ्रेंच पायदळाला त्या १८२९मध्ये आल्या. एदुआर माने या चित्रकाराच्या ‘फायफर’ (बासरीवाला) चित्रामधला (१८६६, ऑर्से संग्रहालय) पोरगा लाल विजारीत आहे ते बरोबरच, ऑस्टरलिट्झच्या (१८०५ची लढाई) पायदळाला ती दिसली तर संशय घ्या. हा लाल मंजिष्ठाच्या जातीच्या मुळांचा, म्हणून ‘मंजिष्ठी’ म्हणावा. ‘किरमिजी’ हा कोचिनील किड्याचा रंग. ब्रिटिश अधिकाऱ्यांचे झळझळीत कोट त्यात रंगवत, तर साध्या शिपायांचे कोट मंजिष्ठीच, थोडे विटकट.

शंका : गणवेशाच्या खांद्यावरच्या हुद्द्याच्या चिन्हाला, एपोलेतला, ‘खांद्याची फीत’ म्हणू का?

उत्तर : फीत सपाट असते, एपोलेतला बहुधा झालर असते. ‘झालरीचं एपोलेत’ लिहा आणि झालर कोणत्या खांद्यावर आहे तेही सांगा. नेपोलियनकालीन फ्रेंच कॅप्टनच्या डाव्या खांद्यावरच झालर असते. उजवं एपोलेत बिनझालरीचं. ते फाटलेलं नाही, तो हुद्दा आहे. मात्र चित्रावरून केलेल्या छापांमध्ये प्रतिमा कधीकधी उलटी उमटते. तेव्हा आधी म्यान बघा : ते उजव्या कमरेला दिसलं तर आख्खं चित्र आरशातलं समजून डावं-उजवं बदलून लिहा.