मोबाइलच्या हालचालीवरून सांगलीची उलाढाल मोजायची का?

कृष्णाकाठ:
कोविडात, एप्रिल 2020 ते ऑक्टोबर 2022, गुगलनं लोकांच्या फोनच्या ठावठिकाण्यावरून जिल्हावार वर्दळीचे अहवाल काढले. दुकानं, कामाची ठिकाणं, बसस्थानकं, घर, कुठं किती टक्के फरक पडला ते त्यात असायचं. त्यावरून कुठला भाग सावरतोय याचे अंदाज बांधले गेले. माझ्या मते सांगलीला हे माप लागू पडत नाही. तुलना होती 3 जानेवारी ते 6 फेब्रुवारी 2020 या पाच आठवड्यांशी. आपल्याकडं तेव्हा कारखान्यांचा गळीत हंगाम ऐन भरात, फडात बीडकडच्या टोळ्या, द्राक्षाचा तोडा सुरू. त्याच्याशी ऑगस्ट ताडून बघितला तर साथ नसतानाही जिल्हा बसल्यासारखाच दिसेल.

यार्डातला:
दादा, मूळ माप तेच राहतं ना? मग ऑगस्ट 2020 शेजारी ऑगस्ट 2021 ठेवा, हंगामाचा फरक आपोआप गळतो. आणि दुसरं होतं काय हातात? जिल्ह्याच्या उत्पन्नाचे सरकारी आकडे यायला वर्ष उलटतं. लॉकडाऊनमध्ये हळदीचे सौदे थांबले तेव्हा हमालाला त्याच आठवड्यात मदत हवी होती. रोजचा आकडा कच्चा असला तरी मला तो चालतो.

तासगावची लेक:
रोजचा असेल, पण कुणाचा? लोकेशन हिस्ट्री, म्हणजे फोन कुठं कुठं गेला याची गुगलकडची नोंद, स्वतः चालू केलेल्यांचाच तो हिशेब. 2021 च्या एप्रिलात आमच्या घरात एकच स्मार्टफोन, तो भावाच्या ऑनलाइन शाळेला. आई उजाडायच्या आत डबा बांधून बेदाणा शेडवर जायची, दिवसभर रॅकवर घड पसरायची, अंधार पडल्यावर परत. फोन सबंध दिवस घरात. म्हणजे आईच्या मजुरीचा त्या आकड्यात मागमूस नाही. शेडवरच्या बहुतेक बायकांचं हेच.

यार्डातला:
ताई, हे खरंय. मजुरांच्या बाबतीत माझं म्हणणं मागं घेतो. बाजारपेठेच्या बाबतीत नाही.

कृष्णाकाठ:
बाजारपेठेचंही बघा. जुलै 2021 अखेर कृष्णेचा पूर आला, सांगलीच्या पेठांत पाणी शिरलं. त्या ऑगस्टची घट निर्बंधांची की पुराची, हे फोन सांगत नाही. त्यापेक्षा यार्डातली आवक, बेदाण्याचे सौदे, विजेचा वापर आणि ई-वे बिलं (मालवाहतुकीची ऑनलाइन नोंद) शेजारी मांडा. आवक तर बाजार समितीत रोज लिहिली जाते.

यार्डातला:
सौदे बंद असताना आवकेच्या रकान्यात शून्यच असतं, दादा. माल घरात पडून आहे की बांधावरून विकला गेला, ते त्या वहीलाही कळत नाही. फोनचा आकडा सोबत ठेवाच.