मदत हवी आहे: लग्नाच्या जुन्या कॅसेटमधून आजीचा स्वच्छ फोटो कसा काढायचा?

राम राम मंडळी. आम्ही दारव्हा तालुक्यातले, जिल्हा यवतमाळ. काकाच्या लग्नाची १९९६ ची व्हीएचएस कॅसेट नुकतीच एका स्टुडिओतून पेनड्राइव्हवर उतरवून घेतली. मांडवात आजी नवरदेवाला हळद लावते, मग पंगतीजवळ उभी राहते, तेवढंच तिचं चित्रण. घरात तिचा दुसरा फोटो नाही. मतदार ओळखपत्रावर आहे, पण त्यात चेहरा ओळखूच येत नाही. वर्षश्राद्धाला फ्रेम करून लावायचा आहे.

चालू व्हिडिओत आजी छान दिसते. थांबवला की हाताच्या आणि पदराच्या कडेला फणीच्या दात्यांसारख्या आडव्या रेघा येतात, चेहराही जरा उभट वाटतो. मोबाइलवरच्या एआय ॲपमध्ये टाकून पाहिला तर चेहरा चकचकीत झाला, पण ती आमची आजी राहिली नाही. काय करावं?

उत्तर १:
भाऊ, कॅसेट बहुधा खराब नाही. आपल्याकडच्या पॅल या टीव्ही-व्हिडिओ पद्धतीत सेकंदाला २५ चौकटी (फ्रेम), आणि प्रत्येक चौकट दोन अर्ध्यांची: एकात विषम ओळी, दुसऱ्यात सम. दोन्हींत १/५० सेकंदाचं अंतर. तेवढ्यात हात हलला की दाते दिसतात. म्हणून हळदीचा प्रसंग सोडा, आजी स्थिर उभी आहे तो शोधा. तिथे दोन्ही अर्धे जुळतात आणि ५७६ ओळी पूर्ण मिळतात. हलत्या चित्रात २८८ च हाती लागतात.

कॉम्प्युटरवर व्हीएलसी या व्हिडिओ प्लेअरमध्ये ‘डी’ दाबून डीइंटरलेस (दाते घालवायची सोय) चालू करा, ‘ई’ने एकेक चौकट पुढे न्या, शिफ्ट-एसने फोटो घ्या. फोटोची फाइल जेपीजी नको, पीएनजी ठेवा, त्यात तपशील गळत नाही. फोटो ७२० × ५७६ आला तर ७६८ × ५७६ करा, उभटपणा जाईल.

चित्रातले दाणे घालवायला लागोपाठच्या चार चौकटी गिम्प या फोटो सुधारायच्या सॉफ्टवेअरमध्ये एकावर एक ठेवा. खालून वर अपारदर्शकता (ओपॅसिटी) १००, ५०, ३३, २५ टक्के. चौघींची सरासरी निघते, खरखर निम्मी होते आणि चेहरा आजीचाच राहतो. एआयबद्दल तुमचं बरोबर आहे, नसलेला तपशील ते मनाने भरतं. व्हीएचएसवर डावीकडून उजवीकडे तपशील जेमतेम २४० रेषांचा असतो, त्यामुळे ४ × ६ इंचापेक्षा मोठा प्रिंट काढू नका.

स्टुडिओने फाइल एमपी४ दिली का? आकार बदलताना दाते चित्रातच मुरले असतील तर ते नीट निघत नाहीत.

धागाकर्ता:
हो भाऊ, एमपी४ च आहे, आणि फाइलची माहिती दाखवणाऱ्या मीडियाइन्फोत ‘१२८० × ७२०, प्रोग्रेसिव्ह’ दाखवते. सोबत डीव्हीडीही दिली होती.

उत्तर १:
मग एमपी४ बाजूला ठेवा. प्रोग्रेसिव्ह म्हणजे दोन अर्धे वेगळे राहिलेले नाहीत, आणि आकारही बदललाय, म्हणजे दाते बहुधा मुरलेत. डीव्हीडीतल्या व्हॉब (.vob) या व्हिडिओ फाइलीत दोन्ही अर्धे बहुतेक शाबूत असतील, तीच व्हीएलसीत उघडा. तिथेही दाते निघाले नाहीत तर कॅसेट पुन्हा उतरवावी लागेल. स्टुडिओला सांगा, ट्रॅकिंग (कॅसेट वाचणाऱ्या हेडची जुळणी) जुळवून घ्या आणि ७२० × ५७६ इंटरलेस्डच, म्हणजे दोन्ही अर्धे वेगळे ठेवून द्या, काही मोठं करू नका. तोवर कॅसेट कोरड्या जागी उभी ठेवा, पावसाळ्यात बुरशी धरते.