बोलत नसलेल्या मुलाला ‘दुखतंय’ हे सांगायला कसं शिकवायचं? मदत हवी आहे

माझा मुलगा साडेचार वर्षांचा आहे. ऑटिझम आहे, अजून एकही शब्द बोलत नाही. काही हवं असलं की माझं बोट धरून त्या वस्तूवर नेऊन टेकवतो. चार महिन्यांपासून पेक्सची (हव्या त्या वस्तूचं चित्र समोरच्याच्या हातात देऊन मागायला शिकवायची पद्धत) चित्रकार्डं वापरतोय. पाण्याचं कार्ड त्याने पहिल्यांदा स्वतःहून हातात दिलं तेव्हा मी रडलेच. (कार्डांमुळे बोलणं मागे पडतं असं घरचे म्हणतात, पण तसं होत नाही.)

परवा मात्र रात्रभर कानावर हात मारून घेत होता. मला वाटलं, हट्ट. सकाळी डॉक्टरांनी पाहिलं तर कानात इन्फेक्शन! वस्तूचं चित्र दाखवता येतं, दुखणं कसं दाखवायचं? कुणी हे शिकवलंय का? शरीराचं चित्र वापरलंत की बाहुली? सुरुवात कुठून केलीत, प्लीज सांगा.