मदत हवी आहे: ईएसआयचा बेरोजगारी भत्ता 'दोन वर्षं पूर्ण नाहीत' म्हणून नाकारला

घाटमाथा

धाकट्या भावासाठी विचारतोय. जून 2022 पासून तो वाहनांचे सुटे भाग बनवणाऱ्या एका कारखान्यात ठेकेदारामार्फत कामाला होता. पगार 15,000, ईएसआय (कर्मचारी राज्य विमा) आणि पीएफ दोन्ही कटायचं. ऑगस्ट 2023 मध्ये ठेकेदार बदलला. माणसं तीच, मशीन तेच. 30 सप्टेंबर 2024 ला काम नाही म्हणून थांबवलं. नोव्हेंबरमध्ये अटल बीमित व्यक्ती कल्याण योजनेत (ईएसआयचा बेरोजगारी भत्ता हिच्यातून मिळतो) ऑनलाइन अर्ज केला. आता जानेवारी 2025 संपत आला आणि उत्तर आलं, 'दोन वर्षांची विमायोग्य नोकरी नाही'.

ईएसआयच्या पोर्टलवर ऑगस्ट 2023 ते जुलै 2024 एवढंच दिसतं. शेवटच्या दोन महिन्यांची कपात पगार पावतीवर आहे, पोर्टलवर नाही. काम सुटल्याचं कारण 'लेफ्ट सर्व्हिस' (नोकरी सोडली) असं टाकलंय. शाखा कार्यालयात तीन हेलपाटे झाले, सगळी उत्तरं तोंडी. पुढे काय करावं?

हिशेबनीस

आधी एक गोष्ट बघा: भावाकडे ईएसआयचे विमा क्रमांक किती आहेत? 2022 मधली एखादी पगार पावती किंवा जुनं ई-पहचान कार्ड काढा आणि त्यावरचा दहा आकडी नंबर आत्ताच्या नंबराशी ताडून पाहा. ठेकेदार बदलला की हा घोटाळा फार होतो. नवीन कामगार नोंदवताना पोर्टल विचारतं, 'याची आधी नोंदणी आहे का?' तिथे जुना नंबर टाकायचा असतो. पन्नास-साठ जणांची नोंदणी एका बैठकीत उरकणारा माणूस सरसकट 'नाही' दाबतो आणि प्रत्येकाच्या नावाने नवा नंबर निघतो. जुनी नोकरी जुन्या नंबरावर, नवी नव्या. कार्यालयाने एकच नंबर उघडला तर दोन वर्षं भरणारच नाहीत.

विमा क्रमांक आयुष्यभर एकच असतो, ठेकेदार कितीही बदलोत. त्यामुळे दोन्ही नंबर जोडून द्या असा साधा अर्ज शाखा व्यवस्थापकांच्या नावे करा. सोबत दोन्ही कार्डं, आधार, दोन्ही ठेकेदारांच्या काही पगार पावत्या आणि पीएफचं पासबुक जोडा. पासबुक इथे फार उपयोगी आहे. यूएएन (पीएफचा कायमचा क्रमांक) बहुधा एकच असतो आणि त्याखाली दोन्ही ठेकेदारांचे वेगवेगळे सदस्य क्रमांक दिसतात. हाच तो माणूस आणि नोकरी सलग, हे एका कागदावर सिद्ध होतं.

अर्जाच्या दोन प्रती न्या. एक त्यांना, दुसरीवर शिक्का, तारीख आणि आवक क्रमांक. पोच घेतल्याशिवाय खिडकी सोडू नका. तुमच्या तीन हेलपाट्यांची आज कुठेही नोंद नाही, म्हणून उत्तर द्यायला कुणी बांधील नाही.

वर्गणीदार

न भरलेल्या दोन महिन्यांबद्दल. त्यासाठी अर्ज थांबवू नका, कारण पात्रता त्यावर अडत नाही. दोन वर्षांच्या नोकरीशिवाय अट आहे ती 78 दिवसांची: बेरोजगारीच्या लगतच्या आधीच्या अंशदान (वर्गणी) कालावधीत किमान 78 दिवसांची वर्गणी, आणि दोन वर्षांतल्या उरलेल्या तीनपैकी एका कालावधीत किमान 78. कालावधी एप्रिल ते सप्टेंबर आणि ऑक्टोबर ते मार्च असे सहा-सहा महिन्यांचे असतात. एप्रिल ते जुलै 2024 भरलेले असतील तर 78 सहज होतात. तरी पोर्टलवरचा दिवसांचा रकाना एकेक महिना करून वाचा. महिनाभर काम करूनही तिथे 15 किंवा 18 दिवस टाकलेले सापडतात.

फरक पडतो तो रकमेत. चार कालावधींतलं एकूण वेतन भागिले 730 म्हणजे रोजचं सरासरी वेतन, आणि भत्ता त्याच्या निम्मा, जास्तीत जास्त 90 दिवस, आयुष्यात एकदाच. पूर्ण 24 महिने धरले तर 3,60,000 भागिले 730 म्हणजे 493 रुपये, निम्मे 246.58, आणि 90 दिवसांचे साधारण 22,190. दोन महिने गळले तर 20,340 च्या आसपास. साडेअठराशे रुपये कामगाराने का सोडावेत? पैसे त्याच्या पगारातून कापून झालेत.

म्हणून दुसरा, स्वतंत्र अर्ज करा: कपात झाली, भरणा झाला नाही. दोन्ही पगार पावत्या आणि पगार जमा झालेल्या बँक खात्याचा उतारा जोडा. मालकाच्या थकबाकीमुळे कामगाराचा लाभ बुडू किंवा घटू नये, यासाठी कायद्यात तरतूद आहे. ईएसआय महामंडळ कामगाराला लाभ देऊन मालकाकडून वसुली करू शकतं. अर्जात या तरतुदीचा उल्लेख जरूर करा.

पोर्टलवरच्या कारणांच्या यादीत 'लेफ्ट सर्व्हिस' हा कारण क्रमांक 2. कामगार कपातीला 10 आणि काम नसल्यास 11 आहे, पण हिशेब करणारे सवयीने सगळ्यांना 2 लावतात. गैरवर्तन, सेवानिवृत्ती किंवा स्वेच्छानिवृत्तीमुळे काम गेलं असेल तर भत्ता मिळत नाही, म्हणून हा शेरा शंका निर्माण करतो. ठेकेदाराकडून लेटरहेडवर दोन ओळी मिळाल्या तर उत्तम. नाही तर थांबवल्याचा व्हॉट्सॲप संदेश, नोटीस फलकाचा फोटो, काहीही तारखेसह जोडा.

घाटमाथा

खरंच दोन नंबर निघाले! जुन्यावर आडनाव आधी आहे, नव्यावर शेवटी. जुन्यावर जन्मतारीख 1 जानेवारी, आधारवर 14 जून.

हिशेबनीस

मग जोडणीच्या आधी दुरुस्ती. जन्माचं फक्त वर्ष माहीत असलं की 1 जानेवारी ठोकून देतात, ती फार जुनी सवय. नाव आणि जन्मतारीख दोन्ही नंबरांवर आधारप्रमाणे करून घ्या. नोंदी जुळल्या नाहीत तर दोन वेगळी माणसं समजून जोडणीचा अर्ज परत येतो. पुरावा म्हणून शाळा सोडल्याचा दाखला चालतो. बँकेच्या पासबुकावरचं नावही आत्ताच पाहा, कारण भत्ता थेट खात्यात जमा होतो आणि तिथे नाव जुळलं नाही की मंजूर रक्कमही परत फिरते.

जोडणी झाल्यावर नवा दावा भरा, जुन्या नाकारलेल्या दाव्याच्या मागे लागू नका. काम गेल्याच्या तारखेपासून वर्षाच्या आत दावा करायचा असतो. तुमच्याकडे सप्टेंबर 2025 अखेरपर्यंत वेळ आहे, पण दुरुस्तीत दोन महिने सहज जातात, म्हणून याच आठवड्यात सुरुवात करा. भाऊ मधल्या काळात दुसरीकडे लागला असेल तर ती तारीख खरी लिहा. काम लागेपर्यंतच्या दिवसांचा भत्ता मिळतो, आणि नवा मालक ईएसआय भरू लागला की ते पोर्टलवर दिसतंच.

अर्ज देऊनही महिनाभर हालचाल नसेल तर केंद्राच्या सीपीग्राम्स पोर्टलवर तक्रार करा आणि आवक क्रमांक पहिल्याच ओळीत लिहा.

घाटमाथा

दाव्यावर ठेकेदाराची सही लागेल का? तो फोन उचलत नाही.

वर्गणीदार

नाही. 2020 पासून दावा मालकामार्फत पाठवावा लागत नाही, कामगार थेट शाखेत देतो. छापलेल्या प्रतीवर भावाची सही, सोबत आधार आणि बँक तपशिलाची प्रत, एवढं पुरे.