प्रियकराला ‘कप्तान’ म्हणावं की ‘नाखवा’?

प्रश्न

एका इंग्रजी कवितेचा अनुवाद करते आहे. त्यातली स्त्री प्रियकराला ‘माझ्या होडीचा कॅप्टन’ म्हणते. ‘कप्तान’ लिहिलं की डोळ्यांपुढे गणवेश उभा राहतो, ‘कर्णधार’ लिहिलं की नाणेफेक. ‘नावाडी’ लिहून पाहिलं, पण मग तो पैसे घेऊन पलीकडे सोडणारा कुणी परका वाटायला लागतो. जिच्यावर जीव जडलाय तिच्या तोंडी शोभेल असा शब्द मराठीत आहे का?

उत्तर

शब्द आहेत, पण प्रत्येकात माणसाचं होडीशी असलेलं नातं वेगळं आहे. ते नातं आधी पाहू, म्हणजे निवड सोपी होईल.

‘कप्तान’, ‘कॅप्टन’ यांच्या मुळाशी लॅटिनमधला ‘कापुट’ आहे, म्हणजे डोकं. ‘सारंग’ची भाषा वेगळी, पण कल्पना तीच: फारसी ‘सरहंग’, सेनानायक, आणि त्यातला ‘सर’ म्हणजे पुन्हा डोकंच. (हरणाचा, रागाचा सारंग निराळा. तो संस्कृतातून आला.) कान्होजी आंग्रे यांच्या ‘सरखेल’ या किताबातही तोच ‘सर’ आहे. हे सगळे शब्द ‘वर कोण आहे’ ते सांगतात. आरमारात ते हवेतच. तुमच्या कवितेतली स्त्री त्याला आपल्यावरचा अधिकारी मानत असेल तर ‘कप्तान’ खुशाल ठेवा. तसं नसेल तर तो शब्द तुम्हाला खटकला ते बरोबरच आहे.

‘कर्णधार’ची गोष्ट वेगळी, आणि मला या शब्दाबद्दल हळहळ वाटते. यातला कर्ण म्हणजे कान नव्हे. संस्कृतात कर्ण या शब्दाचा सुकाणू असाही अर्थ आहे. कर्णधार म्हणजे सुकाणू धरून बसलेला माणूस. त्याच्या नावात डोकं नाही, हात आहे. पाण्याचा जोर आधी त्याच्या तळव्याला कळतो, मग बाकीच्यांना. इतका स्पर्शाचा शब्द, आणि आज तो मैदानावर इतका रुळलाय की कवितेत आणला तर वाचक आधी संघ शोधतो. सुकाणूचंही काहीसं तसंच झालं. अरबी ‘सुक्कान’वरून आलेला हा दर्यावरचा शब्द आता ‘सुकाणू समिती’त जास्त भेटतो. तरी ‘सुकाणू’ अजून वाचवता येईल, ‘कर्णधार’ कवितेपुरता तरी गेला असं मला वाटतं.

आता ‘नाखवा’. फारसीत ‘नाखुदा’: नाव आणि खुदा, नावेचा धनी. यातली ‘नाव’ आपल्या नावेची सख्खी बहीण. उर्दू शायरांनी नाखुदा आणि खुदा यांना एकमेकांसमोर उभं करून पुष्कळ शेर लिहिले, कारण वादळात नक्की कुणाला हाक मारायची हा प्रश्न त्या दोन शब्दांतच आहे. मराठीत त्याचा नाखवा झाला आणि देव बाजूला राहिला. कोळी बोलीत नाखवा म्हणजे होडीचा मालक, आणि मासेमारीला होडी घेऊन जाणारा म्होरक्या तो तांडेल. कोळीगीतांत हाक मारली जाते ती बहुतेक वेळा नाखवाला. त्या हाकेत लाडिकपणा आहे, थोडी तक्रार आहे आणि ‘सांभाळून ये’ हे न बोललेलं आर्जव आहे. प्रेमाच्या जवळचा हाच. अडचण एकच, तो आपल्याबरोबर अख्खा दर्या आणि किनारा घेऊन येतो. तुमच्या कवितेतली होडी एखाद्या शांत तळ्यावर असेल तर ‘नाखवा’ तिथे बुजेल.

पण मला खरं सांगायचंय ते ‘तारू’बद्दल. संस्कृत ‘तृ’, म्हणजे पार जाणे. त्यावरून तरणे, तारणे, तारू, अवतार आणि तीर्थसुद्धा, कारण तीर्थ म्हणजे मुळात नदी ओलांडण्याची जागा. आज तारू म्हटलं की जहाज. ज्ञानेश्वरीच्या बाराव्या अध्यायात मात्र देव म्हणतो, नामाच्या हजारो नावा सजवल्या आणि संसारात मी ‘तारू जाहलों’. तिथे तारू म्हणजे तारणारा. पुढच्या दोन ओव्या तर प्रत्येक अनुवादकाने वाचाव्यात. जे सडे, म्हणजे एकटे (‘सडाफटिंग’मधला सडा हाच), त्यांना ध्यानाच्या कासेला लावलं. जे घरदारवाले, त्यांना तरीवर, म्हणजे होडीवर, घातलं. आणि एखाद्याच्या पोटाशी ‘प्रेमाची पेटी’ बांधून त्याला तीराला आणलं. ही पेटी म्हणजे पोहताना बुडू नये म्हणून बांधतात ती. १२९० सालच्या ग्रंथात प्रेम कसं आलंय पहा: वादळ म्हणून नाही, होडी म्हणूनही नाही, तर पाण्यात पडलेल्याच्या अंगाला बांधलेली, त्याला वर धरून ठेवणारी गोष्ट म्हणून.

म्हणून मला वाटतं, मराठीत प्रेमाच्या माणसासाठी हुकमाच्या शब्दापेक्षा क्रियापद शोधावं. ‘तू माझा कप्तान’ याऐवजी ‘तू तारलंस’, ‘तू काठाला लावलंस’. एखादं काम ‘तडीस नेलं’ असं आपण रोज म्हणतो. त्यातली तड म्हणजे काठच, पण होडी दिसेनाशी झालीय.

आणखी एक मत

वरचं पटलं. पण होडीकडेही पाहायला हवं, नुसत्या माणसाकडे नको. इंग्रजीत जहाजाला ‘ती’ म्हणायची जुनी रीत आहे. ‘लॉइड्स लिस्ट’ या जहाजवाहतुकीच्या पत्राने २००२ साली ती सोडली, तरी कवितेत ती आहेच. त्यामुळे कॅप्टन पुरुष आणि होडी स्त्री ही जोडी तिथे आपोआप जमते. मराठीत होडी, नाव, नौका ‘ती’, मचवा आणि पडाव ‘तो’, गलबत, जहाज, तारू ‘ते’. म्हणजे ‘माझं तारू’ लिहिलंत की ती स्त्री आणि ती होडी यांची इंग्रजीतली एकरूपता सुटते. होडी किंवा नाव ठेवा.

‘नाव’ घेतलीत तर मात्र जपून. नाव बुडाली आणि नाव बुडालं यांत फक्त क्रियापद वेगळं. बोट बुडाली, बोट बुडालं याचंही तेच. कवितेला ही गंमत उपयोगी पडू शकते. ज्ञानेश्वरांनी नाम आणि नावा शेजारी ठेवले तेव्हा त्यांच्या कानाला हे ऐकू आलंच असणार.

आणि बोटीवरून आठवलं. ग्रीक भाषेत जहाज म्हणजे ‘नाउस’, त्यावरून मळमळीला ‘नॉशिया’. आपण म्हणतो ‘बोट लागली’. दोन्हीकडे दोष जहाजाच्याच माथी.

पुन्हा प्रश्न

तळं नाही, खाडी आहे, आणि भरती चढते आहे. मग नाखवा चालेल ना? शेवटी तो नांगर टाकतो असं आहे. तिथे ‘नांगर’ लिहिलं तर वाचकाला शेत दिसेल का?

उत्तर

खाडी असेल तर नाखवाच. नांगराची भीती नको. शेतातला नांगर संस्कृत ‘लांगल’वरून आला आणि पाण्यातला फारसी ‘लंगर’वरून. वेगळ्या घरांतले दोघे मराठीत एकाच नावाचे झाले. ‘टाकला’ म्हटलं की पाणी, ‘धरला’ म्हटलं की जमीन. क्रियापद बरोबर असलं की वाचक चुकत नाही.

भरती आहेच तर ‘ओढ’ हाताशी ठेवा. पाण्याला ओढ असते आणि माणसालाही, शब्द एकच. थांगही तसाच, खोलीचा आणि मनाचा.

पुन्हा प्रश्न

मग ओळ अशी केलीय: ‘सुकाणू तुझ्या हाती, नाखवा, ओढ माझी.’

उत्तर

‘माझी’ काढून पाहा. ‘सुकाणू तुझ्या हाती, नाखवा, आणि ही ओढ.’ ओढ खाडीची की तिची, हे त्यालाच ओळखू दे.