पक्षी वाहक आहेत, उगम नव्हेत

प्रतिजैविकांना दाद न देणारे जिवाणू स्थलांतरित पक्षी देशोदेशी पसरवतात, तेव्हा पाणथळ जागांवरून त्यांना हुसकावावे, असे मत काही जण मांडतात; ते मला मान्य नाही. त्यांच्या विष्ठेत असे जिवाणू आढळतात हे खरे; पण ते तिथे आले कुठून, हा प्रश्न या चर्चेत निसटला आहे. रानपक्ष्याला कोणी औषधाचा डोस देत नाही. तो उघड्या कचराडेपोवर, नाल्याच्या मुखाशी, सांडपाण्याच्या तळ्यात चरतो आणि आपण सोडलेले जिवाणू त्याच्या आतड्यात जातात.

याबाबत 2008 साली प्रसिद्ध झालेले एक संशोधन पाहण्यासारखे आहे. स्वीडनच्या संशोधकांनी ईशान्य सायबेरिया, उत्तर अलास्का आणि उत्तर ग्रीनलंड येथील पक्ष्यांतील ई. कोलाय हे आतड्यात राहणारे जिवाणू तपासले, आणि जिथे माणसांची वस्ती अतिशय विरळ आहे अशा त्या प्रदेशांतही 97 पैकी 8 नमुने किमान एका प्रतिजैविकाला दाद देत नव्हते. स्थलांतरामुळे हे घडले असावे, असा अंदाज त्यांनी मांडला. उत्तर अमेरिकेतून चिलीच्या किनाऱ्यावर येणाऱ्या फ्रँकलिन कुरव या पाणपक्ष्यांमध्येही माणसांत आढळणारेच प्रतिरोधक, म्हणजे औषधाला दाद न देणारे, जिवाणूंचे प्रकार मिळाले आहेत. मात्र एकच प्रकार दोघांत सापडला, म्हणजे पक्ष्याने तो माणसाला दिला असे सिद्ध होत नाही. पक्ष्यांना हुसकावल्यास ते दुसऱ्या पाण्यावर उतरतील आणि नाला तसाच वाहत राहील. म्हणून रुग्णालये, कुक्कुटपालन केंद्रे आणि औषधनिर्मितीचे कारखाने यांचे सांडपाणी प्रक्रियेविना सोडले जाऊ नये, हीच मागणी आपण लावून धरावी.