इशिगुरोची जपानी गेली, म्हणून नेमकं काय गेलं?

जुनी_वही

परवा 'खारफुटी' यांनी इथेच लिहिलं होतं, की इंग्रजीत लिहिणाऱ्या काझुओ इशिगुरो या कादंबरीकाराला जपानी धड वाचता येत नाही, तरी पहिल्या दोन कादंबऱ्या त्याने जपानवर बेतल्या. जो देश त्याला माहीत नाही तोच त्याने इंग्रजांना विकला, आणि आपण २०१७ च्या नोबेलपासून 'आशियाई लेखक' म्हणून त्याला डोक्यावर घेऊन बसलोय. दोन दिवस गप्प राहिले. आता राहवत नाही.

१९६० साली हे पोर नागासाकीहून इंग्लंडात गिल्डफर्डला आलं तेव्हा पाच वर्षांचं होतं. वडील समुद्रशास्त्रज्ञ, कामासाठी आलेले. वर्ष-दोन वर्षांत परत जायचं हे घरात ठरलेलंच होतं, म्हणून घरात जपानी आणि घराबाहेर इंग्रजी. बाहेर तो चर्चमध्ये मुलांच्या गायकवृंदात गात होता. परतल्यावर पोरगा मागे पडू नये म्हणून जपानहून दर महिन्याला पार्सल यायचं, त्यात चित्रकथा आणि मुलांची मासिकं. तो मोठा होत गेला आणि पार्सलं थांबली, बहुधा आजोबा गेले त्याच सुमारास. परत जाणं झालंच नाही.

नोबेलच्या व्याख्यानात तो आपल्या मनातलं जपान सांगतो. खोली न खोली आठवणारं घर, ट्रामचा थांबा, पुलापाशी राहणारं ते अंगावर येणारं कुत्रं, आणि न्हाव्याच्या दुकानातली लहान मुलांची खुर्ची, जिच्यापुढे आरशासमोर मोटारीचं स्टिअरिंग बसवलेलं होतं. केस कापताना पोरांनी गाडी चालवत बसावं म्हणून! १९७९ मध्ये, चोविसाव्या वर्षी, नॉरफॉकमधल्या बक्स्टन नावाच्या खेड्यात भाड्याच्या खोलीत बसून तो लिहायला लागला. विमानाचं तिकीट काढून जाता येईल असं हे जपान नाही आणि दरसाल ते पुसट होत चाललंय, हे त्याला उमगत होतं. हातातून निसटणारं धरून ठेवायला त्याने लिहिलं. याला तुम्ही 'विकणं' म्हणता?

खारफुटी

तळमळ पोचली. मुद्दा मात्र जागेवरच आहे. न्हाव्याची खुर्ची म्हणजे देश नव्हे. १९८२ ची 'अ पेल व्ह्यू ऑफ हिल्स' युद्धानंतरच्या नागासाकीत घडते. हा जन्मला १९५४ ला. नागासाकीचा बॉम्ब त्याच्या आईने सोसला, याने तो आईकडून ऐकला. मोठेपणी जपानमध्ये पाऊल ठेवलं ते थेट १९८९ साली, म्हणजे दोन्ही जपानी कादंबऱ्या छापून झाल्यावर! आणि त्यातली माणसं बघा. मोजकं बोलणारी, सगळं पोटात ठेवणारी, वाकून वाकून नम्र. इंग्रज वाचकाला जपानी माणूस जसा हवा असतो, अगदी तसा.

मला राग त्याचा नाही, आपला येतो. भाषा घालवलेल्या माणसाचं आपण कौतुक करतो आणि मग आपली पोरं तेच करतात. माझा पुतण्या इंग्लंडात वाढला. माझी आई फोनवर त्याला "जेवलास का रे?" विचारते, तो "हो आजी" म्हणतो आणि फोन बापाकडे देतो. दहा वर्षं त्यांचं बोलणं तिथेच अडलंय. तिला त्याच्याशी बोलायचं असतं हो.

कंदील

खारफुटी, वाकून बोलणारी माणसं जपानी आहेत म्हणून तशी आहेत, इथेच तुमचं चुकतं. १९८९ चं 'द रिमेन्स ऑफ द डे' वाचलंत का? एकही जपानी माणूस नाही. स्टीव्हन्स नावाचा इंग्रज बटलर, मोठ्या हवेलीत जन्म घालवलेला. तोही पोटातलं ओठावर येऊ देत नाही. मालकाने नाझींशी सलगी केली तरी हा चांदीची भांडी घासत राहिला, मिस केंटनवर जीव होता ते बोलला नाही. सांगणारा माणूस स्वतःशीच खोटं बोलतोय, हे वाचणाऱ्याला हळूहळू कळत जातं. हा संयम इशिगुरोचा आहे, जपानचा नाही. त्याला बुकर मिळालं ते या इंग्रज पुस्तकाला.

आणि लिहिलं कसं ते ऐका. सोमवार ते शनिवार, सकाळी नऊ ते रात्री साडेदहा, जेवणापुरती सुट्टी. टपाल उघडायचं नाही, फोन घ्यायचा नाही. घरकाम सगळं बायकोने, लॉर्नाने, उचललं. चार आठवड्यांत कच्चा खर्डा तयार. मी पंधरा वर्षं एक कादंबरी 'लिहितोय', मला हे वाचून झोप लागली नव्हती.

खारफुटी

वाचलंय. १९९३ चा सिनेमाही दोनदा पाहिलाय, आपल्या मुंबईत जन्मलेल्या इस्माईल मर्चंटच्या कंपनीचा. पुस्तक उत्तम आहे, नाही म्हणत नाही. पण त्याच्या दुसऱ्या जपानी कादंबरीतला, 'ॲन आर्टिस्ट ऑफ द फ्लोटिंग वर्ल्ड' मधला म्हातारा चित्रकार युद्धखोरांच्या बाजूने गेला आणि आता सारवासारव करतोय. स्टीव्हन्सचंही तेच. जन्म चुकीच्या माणसापायी घालवला, आता सारवासारव. किमोनो काढून कोट चढवला, एवढंच.

कंदील

हे मान्य करावं लागतंय, कारण तो स्वतःच कबूल करतो की पहिल्या तीन पुस्तकांत आपण एकच गोष्ट पुन्हा पुन्हा लिहिली. पण मग तुमचंच म्हणणं तुमच्यावर उलटतं. कोट चढवूनही गोष्ट तितकीच खरी वाटली, तर जपान 'विकण्या'वर त्याचं काही अडलं नव्हतं, नाही का?

उंबरठा

मी फारशी लिहीत नाही. पण खारफुटींनी पोरांचा विषय काढला आणि तो मला लागला.

मी १९९८ पासून इंग्लंडात आहे. आम्हीसुद्धा 'दोन वर्षांसाठी' आलो होतो. माझी आई साताऱ्याहून मुलीसाठी 'किशोर'चे अंक पाठवायची. चार-पाच अंक एकत्र, जुन्या सुती साडीच्या तुकड्यात गुंडाळलेले, वरून सुतळी. त्या कापडाला कपाटातल्या कडुनिंबाच्या पाल्याचा वास असायचा. मुलगी आधी कापडाचा वास घ्यायची, मग अंक. आठ-नऊ वर्षांची होईपर्यंत अक्षर लावून वाचायची. पुढे अंक उघडले जाईनात. आई गेल्यावर पार्सल थांबलं. जुनी_वहींनी इशिगुरोच्या पार्सलाचं लिहिलंय तिथे मी वाचायची थांबले, स्वयंपाकघरात जाऊन पाणी प्यायले.

कोणी भाषा 'घालवत' नाही, खारफुटी. ती आपल्या डोळ्यांदेखत जाते आणि धरायला हात पुरत नाहीत.

खारफुटी

ताई, तुमच्याबद्दल वाईट वाटतं. पण स्पष्ट बोलतो. हात पुरतात. शनिवारी तासभर शाळा, घरात हट्टाने मराठी, एवढं पुरतं. आमच्या शेजारचं गुजराती कुटुंब तीन पिढ्या नैरोबीत राहून आलं, नातवंडं घडाघडा गुजराती बोलतात. तुम्हाला इशिगुरो सोयीचा पडतो. "बघा, मातृभाषा गेली तरी नोबेल मिळतं!"

उंबरठा

सोयीचा? शनिवारच्या शाळेसाठी मी सहा वर्षं दीड तास गाडी चालवली आहे. एकटीने, हिमातसुद्धा. नवरा तेव्हा रात्रपाळी करायचा. शाळेत पोरं सात, नंतर चार, नंतर आमची एकटीच. शिकवणाऱ्या बाईंनी मग हात जोडले. तुम्ही गावात बसून हट्टाचे धडे देता! तुमच्या पोराला दुकानात, बसमध्ये, मैत्रिणीच्या घरी मराठी ऐकू येते, ती तुम्ही आणलेली नाही. ती फुकट मिळालेली आहे. नोबेलचं मला काय करायचंय? मला माझ्या आईला पत्र लिहू शकणारी मुलगी हवी होती.

दर्या

दोघांनीही जरा दमानं घ्या. सगळे मुलाबद्दल बोलताय, वडिलांबद्दल कोणीच नाही, म्हणून लिहितो. १९५३ च्या जानेवारीअखेर उत्तर समुद्राला वादळी भरती आली, एकट्या इंग्लंडात ३०० वर माणसं बुडाली. अशा भरतीचा अंदाज बांधायला शिझुओ इशिगुरोंनी विजेच्या मंडलांचं अख्खं यंत्र उभारलं. पाण्याची हालचाल त्यात विजेच्या दाबाने दिसायची. ते आज लंडनच्या सायन्स म्युझियममध्ये आहे. परक्या देशाचा किनारा राखायला आलेला माणूस होता तो. मी बंदरात नोकरी केली आहे, मला कादंबऱ्यांपेक्षा हे मोठं वाटतं.

जुनी_वही

दर्या, हे मला ठाऊक नव्हतं, बरं झालं लिहिलंत.

खारफुटी, उंबरठाताईंना तुम्ही जे 'सोयीचा' म्हणालात ते मागे घ्या. आणि माझ्याकडून एक कबूल करते. त्याचं जपान कमावलेलं आहे, असं मी सुचवलं. ते हरवलेलंही आहे, हे तुमचं खरं. भाषा राहिली असती तर तो काय लिहिता, हे कोणालाच सांगता येणार नाही. पण त्याने ते हरवणं लपवलं नाही. २००५ च्या 'नेव्हर लेट मी गो'मधली ती मुलं बघा. शरीरातले अवयव काढून घेण्यासाठीच वाढवलेली, तरी शाळेत जमवलेल्या चिल्लर वस्तू जिवापाड जपणारी. एक मुलगी हरवलेली कॅसेट शोधत राहते. नॉरफॉकमध्ये देशभरातल्या हरवलेल्या वस्तू सापडतात, असं त्या पोरांनी ठरवून टाकलेलं असतं. बक्स्टन नॉरफॉकमध्येच आहे. योगायोग असेल, मला नाही वाटत.

खारफुटी

'सोयीचा' मागे घेतो. सहा वर्षं हिमातून गाडी चालवणाऱ्या बाईला ते म्हणायला नको होतं. पण बाकी मत तेच. शब्द गेले की त्यांच्याबरोबर वस्तूही जातात, आणि इंग्रजीतून आठवलेलं घर ते आपलं घर नाही.

उंबरठा

असेल. पण गेल्या महिन्यात काय झालं ते सांगते. मुलगी आता २६ वर्षांची. तिने ते नोबेलचं व्याख्यान वाचलं आणि कागदावर माझ्या आईच्या घराचा नकाशा काढला. ते घर पडून अकरा वर्षं झाली. ओसरी बरोबर, न्हाणीघर बरोबर, परसातला पेरूसुद्धा बरोबर. जिन्याखाली एक चौकोन काढून तिने मला इंग्रजीतून विचारलं, इथे ते दगडी गोल काय होतं, ज्याला लाकडाचा दांडा होता आणि मी तो धरून फिरवायचे? मी म्हटलं, जातं. तिने देवनागरीत लिहिलं. 'जांत', अनुस्वार चुकून 'जा'वर.

खारफुटी

अनुस्वार दुरुस्त करून घ्या. आणि तिला सांगा, त्या दांड्याला खुंटा म्हणतात. नकाशात तोही लिहायला लावा.